मुदतीनंतरचा शिक्षक



अध्यक्षपदावरून बोलणाऱ्याने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. तो मी आज मोडतो, कारण आपल्यापुढच्या विषयाला असल्या उपचारांची सवड नाही. २००८ साली गांधी फेलोशिप सुरू झाली, पुढच्याच वर्षी ‘टीच फॉर इंडिया’ची पहिली तुकडी मुंबई आणि पुणे येथील वर्गांत रुजू झाली, आणि तेव्हापासून पदवी हाती पडताच नोकरीचा राजमार्ग बाजूला ठेवून दोन वर्षांच्या मुदतीने महापालिकेच्या शाळांत, झोपडवस्त्यांत आणि जिल्हा परिषदेच्या आडवळणी शाळांत जाणाऱ्या तरुण-तरुणींचा एक नवा वर्ग आपल्या समाजात उदयास आला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणाऱ्यांपैकी मी नव्हे. ऐन पंचविशीच्या आत स्वतःच्या सुखसोयींचा हिशेब काही काळ तहकूब ठेवणे सोपे नसते, आणि ज्यांनी तो कधीच तहकूब ठेवला नाही त्यांनी या मुलांना नावे ठेवू नयेत. माझा प्रश्न मुदतीविषयी आहे. तेविसाव्या वर्षी आलेला हा तरुण पंचविसाव्या वर्षी परत गेल्यावर त्या वस्तीत शिकवणारे कोण उरते?

हा प्रश्न आजचा नाही. शिक्षणविषयक हंटर आयोगाला १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी जे मागितले, ते आपल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात मुळातून वाचले जावे असे आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, एवढे म्हणून ते थांबत नाहीत; तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, ज्यांच्या मुलांना शिकवायचे त्यांच्यात तो मोकळेपणाने मिसळणारा असावा, आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असे ते म्हणतात. पगाराचा आकडाही ते घालतात: १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी १५ ते २०. त्याहूनही मार्मिक सूचना पुढे आहे. गावच्या जमाखर्चाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री यांपैकी एखादे काम शिक्षकाकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असा त्यांचा होरा होता. (कामे आपण पुढे दिलीच; जनगणनेपासून मतदारयाद्यांपर्यंत सारे शिक्षकाच्या गळ्यात पडले. वजन तेवढे वाढवायचे राहून गेले.) वस्तीतलाच मनुष्य, त्याला रीतसर शिक्षण आणि पोटापुरता पगार, या तीन गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या होत्या. आपण गेली सव्वाशेहून अधिक वर्षे त्या सुट्या सुट्या देत आलो आहोत.

वस्तीत राहून शिकवणाऱ्यांचे उदाहरणही आपल्यापाशी आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी गावी आल्या, तेव्हा शिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंच्या सहवासात मिळवलेला बालशिक्षणाचा अनुभव आणि माँटेसोरी पद्धतीचा दांडगा व्यासंग त्यांच्यापाशी होता; परंतु त्या पद्धतीची घोटीव लाकडी साधने खेड्याला परवडणारी नाहीत हे ध्यानी येताच शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनाच त्यांनी साधनांचा मान दिला, आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात नेऊन बसवली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तिथली वारली मुले गुरांमागे रानात जात म्हणून त्यांच्यामागे कुरणशाळाही गेली. हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. मला त्यातली एक साधी नोंद अधिक मोलाची वाटते. ताराबाईंच्या हाताखाली १९४५ साली दाखल झालेल्या अनुताई वाघ १९९२ साली निधन पावेपर्यंत त्याच कार्याशी बांधलेल्या राहिल्या. आजच्या परिभाषेत बोलायचे, तर त्यांच्या फेलोशिपची मुदत सत्तेचाळीस वर्षांची होती. प्रत्येक तरुणाने अनुताई व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, आणि तशा अपेक्षेवर कोणतीही योजना तगत नाही. मात्र ज्याला राहता येत नाही त्याने राहणाऱ्याला तयार करावे, एवढे मागण्याचा हक्क समाजाला आहे.

तयार करणे म्हणजे काय, हे एका वजाबाकीवरून दाखवतो. तिसरीतल्या मुलीने ५२ वजा ३७ याचे उत्तर २५ लिहिले. बारावीपर्यंत शिकलेली वस्तीतली ताई फुली मारते आणि रीत पुन्हा सांगते, “दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून एक घे.” मुलगी मान डोलावते, आणि पुढच्या ६३ वजा २८ या उदाहरणात तितक्याच आत्मविश्वासाने ४५ लिहून मोकळी होते. अशा वेळी शेजारी बसलेल्या फेलोने ताईला व्याख्यान देण्याचे कारण नाही, आणि खडू हिसकावून स्वतः शिकवू लागण्याचे तर मुळीच नाही. त्याने मुलीला विचारावे, “कसं केलंस गं हे?” ती सांगते, “मोठ्यातून लहान जातो ना, म्हणून आठातून तीन काढले.” मुलीची चूक निष्काळजीपणाची नसून तिच्यामागे एक नियम आहे, हे ताईला त्याच क्षणी उमगते. मग ताईनेच दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवून अठ्ठावीस काढायला सांगावे. एका गठ्ठ्याचे रबर सोडल्यावाचून आठ सुट्या काड्या मिळत नाहीत, हे मुलीच्या बोटांना आधी कळते आणि पाटीला मागाहून. असे शेजारी बसणे वर्षभर चालले, तर ती ताई शिक्षिका होते. सभागृहात दोनशे जणींना एकदम बसवून, पडद्यावर चित्रे दाखवून आणि जेवणानंतर प्रमाणपत्रे वाटून ती होत नाही, याची साक्ष इथल्या अनेक केंद्रप्रमुखांना देता येईल.

वस्तीतल्या अशा ताईंच्या हातून काय घडू शकते याचा पुरावा आपल्याच मुंबईने जगाला दिला. ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी म्हणून बहुधा त्याच वस्त्यांतल्या तरुणी नेमल्या; दोनेक आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर त्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे या कामाची काटेकोर तपासणी केली. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखीच्या शाळांतील मुलांची सरासरी प्रगती प्रमाण विचलनाच्या ०.२८ इतकी अधिक भरली, आणि योजना संपून वर्ष लोटल्यावर त्यातली ०.१ इतकी उरली. या अहवालातले आणखी एक निरीक्षण मला अस्वस्थ करते. बालसखी सरासरी वर्षभरच टिकत, आणि त्या अर्थी हे यश मूठभर असामान्य व्यक्तींवर अवलंबून नव्हते, असे संशोधकांनी समाधानाने नोंदवले आहे. त्यांचा तर्क योजनेच्या बाजूने बिनतोड आहे. बालसखीच्या बाजूने पाहिले तर महिना ५००-७५० रुपयांत वर्षभर राबून, नुकते कुठे शिकवता येऊ लागले असताना ती निघून जाते, आणि तिने कमावलेले सारे कसब तिच्याबरोबरच जाते. नव्या बालसखीला पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ.

सरकारदरबारी याहून निराळे घडले नाही. या शतकाच्या आरंभी निघालेल्या वस्तीशाळांत गावचेच तरुण महिना हजार रुपये मानधनावर नेमले गेले, आणि निमशिक्षक म्हणवणाऱ्या या मंडळींना नियमित शिक्षक होण्यासाठी मोर्चे आणि अर्जविनंत्या करीत २०१४ सालापर्यंत थांबावे लागले. तोवर किती जण कंटाळून दुसऱ्या धंद्याला लागले असतील, याचा अंदाज आपण करू शकतो. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ज्याला आपण सेवा म्हणून गौरवतो त्याचे मोल द्यायच्या वेळी आपली तिजोरी नेमकी बंद असते.

म्हणून या परिषदेपुढे माझी सूचना अशी, की फेलोशिप चालवणाऱ्या संस्थांनी आपल्या तरुणाचे मूल्यमापन त्याने स्वतः किती मुलांना वाचायला शिकवले यावर न ठेवता, तो गेल्यानंतर वर्षभराने त्याच्या जोडीची ताई वर्गात उभी आहे की नाही यावर ठेवावे, आणि फेलोच्या विद्यावेतनाइतकीच रक्कम तिच्यासाठीही मंजूर केल्याखेरीज कोणत्याही वस्तीत काम सुरू करू नये. तिला पदविका पुरी करता यावी म्हणून शुल्क आणि रजेची तजवीज त्याच अंदाजपत्रकात असावी. यामुळे वस्त्यांची संख्या निम्म्यावर येईल, असा आक्षेप संस्थाचालक घेतील. निम्म्यावर यावी, असेच माझे मत आहे.

या आशयाचा ठराव दुपारच्या बैठकीत चर्चेला येईल. त्या चर्चेत प्रथम बोलण्याची संधी वस्तीवर शिकवणाऱ्या ताईंना द्यावी आणि आम्हा पदाधिकाऱ्यांची नावे यादीत शेवटी घालावीत, अशी विनंती मी कार्यवाहांना केली होती. त्यांनी ती मान्य केली आहे.