मोटारसायकलस्वाराची थंडी आणि विजेचीं वस्त्रें

मोटारसायकलीवर बसलेल्या माणसाची थंडी ही रस्त्यानें पायीं चालणाऱ्याच्या थंडीहून निराळी असते. पायीं चालणारा हातपाय हालवीत असतो आणि त्या हालचालीनेंच त्याच्या शरीरांत ऊब उत्पन्न होते. स्वार मात्र तासन् तास एकाच आसनावर स्थिर बसलेला असतो, आणि समोरून येणारा वारा त्याच्या अंगची उष्णता अखंड हिरावून नेत असतो. पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकाच्या हिमप्रदेशांत पाण्यानें भरलेली नळी वाऱ्यांत टांगून तें पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हें मोजलें, आणि वाऱ्यामुळें वाढणाऱ्या थंडीचें गणित १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. २००१ सालीं तें सुधारण्यांत आलें. सुधारलेल्या सूत्राप्रमाणें हवा शून्य अंश सेल्सियस असतां ताशीं ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत उघड्या त्वचेस उणें १० अंशांची थंडी जाणवते. हवाच उणें १० असेल, तर उणें २४ अंशांची.

ही गोष्ट केवळ सुखासीनतेची असती, तर तिची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु बोटांच्या त्वचेचें तापमान १५ अंशांच्या खालीं गेलें कीं बोटांचें कसब मंदावूं लागतें, आणि ८ अंशांच्या सुमारास स्पर्शाची जाण झपाट्यानें नाहींशी होते. मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक आणि क्लच हीं दोन्ही बोटांनींच दाबावयाचीं असतात. घाटांतील वळणावर ब्रेकची दांडी हातांत आहे कीं नाहीं हें ज्याला डोळ्यांनीं पाहून ठरवावें लागतें, त्यानें तेथेंच थांबलेलें बरें.

विजेनें तापणारें वस्त्र हें मूळचें मोटारसायकलस्वारांचें नव्हे. तें विमानांतून खालीं उतरलें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडहून जर्मनीवर जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांतील तोफचींना पंचवीस हजार फुटांवर उघड्या खिडकीपाशीं उभें राहावें लागे. तेथील थंडी उणें ४० अंशांपर्यंत आणि त्याहूनही खालीं जाई. आरंभीच्या काळांत हिमदंशानें जायबंदी झालेले सैनिक शत्रूच्या माऱ्यानें जखमी झालेल्यांहून अधिक होते. त्यांच्या पहिल्या विजेच्या पोशाखांतील तारा एकाच साखळींत गोवलेल्या असत. एका हातमोज्याची तार तुटली कीं सारा पोशाख थंड पडे. पुढच्या पोशाखांत प्रत्येक भागास विजेचा स्वतंत्र मार्ग देण्यांत आला. आज दुकानांत जाकीट पाहणाऱ्यानेंही हाच प्रश्न प्रथम विचारावा: एक मोजा बिघडल्यास बाकीचें वस्त्र चालू राहतें काय? पुढें १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत गॉर्डन गर्बिंग यांनीं मोटारसायकलीवरून कामावर येणाऱ्या कामगारांसाठीं असे कपडे करण्यास प्रारंभ केला, आणि ही वस्तु हळूहळू सामान्य स्वाराच्या हातीं आली.

निवड करतांना आधीं आपल्या गाडीस विचारावें, मग आपल्या अंगास. आणि बहुतेक लोक नेमकें उलट करतात. गाडीच्या बॅटरीस जोडावयाचें १२ व्होल्टांचें जाकीट पूर्ण आंचेवर साधारणतः ७५ ते ९० वॉट वीज खातें. हातमोज्यांच्या जोडीस सुमारें २५ वॉट लागतात, आणि विजार घेतली तर आणखी चाळीसएक. सगळें मिळून दीडशेच्या घरांत गेलें! मोठ्या प्रवासी गाडीचा अल्टरनेटर पांचशे वॉटांच्या आसपास वीज देतो; तिला हा भार जाणवतही नाहीं. लहान एकसिलिंडरी गाडीचा अल्टरनेटर दोनशे वॉटांच्या आसपास असला, तर त्यांतील निम्म्याहून अधिक वीज दिवा, ठिणगी आणि इंधनाचा पंप यांतच खर्च होते. शिवाय अल्टरनेटरची ही शक्ति इंजिन वेगानें फिरत असतांना मिळते. शहराच्या गर्दींत खोळंबलेल्या गाडीची मिळकत फारच थोडी. खर्च मिळकतीबाहेर गेला कीं तूट बॅटरींतून भरली जाते, आणि संध्याकाळीं मुक्कामावर पोंचलेली गाडी सकाळीं सुरूच होत नाहीं. हें आधींच ओळखण्याची युक्ति सोपी आहे. पांचशें रुपयांच्या आंत मिळणारा लहानसा व्होल्टमापक बॅटरीस जोडावा. इंजिन चांगल्या वेगांत असतां तो १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसावयास हवा. सारीं वस्त्रें चालू केल्यावर तो १३ च्या खालीं घसरूं लागला, तर एकादें वस्त्र बंद करावें.

वीज मर्यादित असली म्हणजे ती कोठें खर्च करावी? पुष्कळ जण म्हणतील, हात गारठतात तर हातांवर. परंतु शरीराचा कारभार निराळा आहे. छातीपोटांतील उष्णता उणावूं लागली कीं शरीर हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त आंत राखून ठेवतें. घरांत धान्य कमी पडलें म्हणजे गृहिणी जसा आधीं बाहेरचा खर्च तोडते, तसेंच हें. कॅनडांतील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उणें २५ अंशांच्या हवेंत बसलेल्या माणसांच्या धडास विजेची ऊब दिली, तेव्हां त्यांचीं उघडीं बोटेंही उबदार राहिलीं. म्हणून पैसे एकाच वस्त्रापुरते असतील, तर तें जाकीट किंवा बंडी असावी; हातमोजे दुसरे. हँडलची तापणारी मूठ स्वस्त आणि उपयुक्त खरी, पण ती तळव्यास शेकते आणि वारा बसतो बोटांच्या पाठीवर. तिच्या जोडीस हँडलवर चढवावयाचें जाड कापडी आवरण घ्यावें. दिसण्यांत तें अगदींच गबाळें, परंतु त्याच्याइतकें थोड्या पैशांत एवढें काम करणारें दुसरें साधन नाहीं.

बॅटरी खिशांत घेऊन चालणारीं वस्त्रेंही मिळतात. त्यांना गाडीची तार नको, हा त्यांचा गुण; परंतु पूर्ण आंचेवर तीं कांहीं तासांतच निवतात, आणि कडाक्याच्या थंडींत लिथियम बॅटरीची शक्ति नेमकी हवी तेव्हांच घटते. शून्याखालीं गारठलेली अशी बॅटरी लगेच चार्ज केल्यास ती कायमची बिघडते; आधीं खोलींत ऊब येऊं द्यावी. तासाभराच्या जाण्यायेण्यास हीं वस्त्रें पुरेशीं आहेत. दिवसभराच्या प्रवासास तारच बरी.

माप घट्ट असावें. सैल जाकिटांतील तापलेली हवा गळपट्ट्यांतून निघून जाते. आंत एक पातळ सदरा, त्यावर तापणारें वस्त्र, आणि सर्वांवर वारा अडविणारें जाड जाकीट, हा क्रम ठेवावा. वाराच अडला नाहीं तर वीज व्यर्थ जाते. उघड्या त्वचेवर तापणारें वस्त्र घालूं नये. ४४ अंशांची वस्तु बोटाला कढतही वाटत नाहीं. परंतु ती सहा तास एकाच जागीं टेकून राहिल्यास त्वचा भाजते, असें मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनीं १९४७ सालीं दाखविलें. मधुमेहामुळें ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनीं तर विशेष जपावें. यासाठीं नुसतें चालू-बंद करणारें बटन पुरेसें नाहीं. आंच कमीजास्त करणारा नियामक हवा, आणि जाकिटाचा व मोज्यांचा निरनिराळा असल्यास उत्तम.

बव्हेरियाच्या अरण्यांत थुर्मान्सबांग गांवाजवळ ऐन हिवाळ्यांत हजारों स्वार बर्फांत तंबू ठोकून राहतात. १९५६ पासून चालत आलेल्या त्या ‘हत्ती मेळाव्या’स जाणाऱ्यांना या वस्त्रांची गरज पटवून द्यावी लागत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र निफाडच्या ४-५ अंशांच्या पहाटेसही लोकरी बनियन, वारारोधक जाकीट आणि कानटोपी एवढ्यानें भागतें. ज्यांना तीं खरोखर लागतात, ते पुण्यामुंबईहून लडाखला जाणारे स्वार. जूनमध्येंही तंगलंग खिंडीच्या पांच हजार मीटरांहून अधिक उंचीवर पहाटे पारा शून्यापाशीं असतो, आणि वाटेंत बर्फाच्या पाण्याचे नाले ओलांडून बूट भिजलेले असतात. त्यांनीं विजेच्या वस्त्राबरोबर एक जाड लोकरी स्वेटरही सामानांत ठेवावा. तार तुटली तर पुढचें गांव येईपर्यंत तोच सोबती.

तार बॅटरीस फ्यूजसह थेट जोडावी आणि प्लग हिसक्यासरशीं सुटेल असा असावा. गाडीवरून उतरतांना तो काढावयाचा राहून जातो, हें ठरलेलेंच. चहाच्या टपरीसमोर नवा स्वार ऐटींत उतरतो, दोन पावलें टाकतो, आणि मागून कोणीतरी कोट ओढल्यासारखा थबकतो.