पांबनचा पूल आणि आमचा गडू
(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)

मंडळी, कमिटीने सांगितलं, "साहेब, प्रवासावर पाच मिनिटं बोला." आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मध्येमध्ये आकडे येतील, तेवढे सांभाळून घ्या.

काशीहून गंगा आणून रामेश्वरावर घालायची, ही आपली जुनी रीत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, 1963 साली गंगेचा गडू आणला. पुढच्या वर्षी रजा मंजूर झाली आणि डिसेंबर 1964 च्या वादळात पांबनचा पूल मोडला. धनुष्कोडीची गाडी प्रवाशांसकट गेली. बेटावर जायला तेव्हा रस्ता नव्हताच, 1914 सालचा हा रेल्वेपूल हीच वाट. श्रीधरन यांनी (तेच, आपले कोकण रेल्वेवाले) 46 दिवसांत तो पुन्हा उभा केला. अण्णांची रजा मात्र पुन्हा जमली नाही. 1979 मध्ये ते गेले. गडू देवघरातच राहिला.

शेवटी 1984 मध्ये एल.टी.सी. घेऊन मी आईला नेलं. पुलावर गाडी अगदी माणसाच्या चालीने चालली होती. खिडकीतून बघावं तर कठडा नाही, नुसतं पाणी. आईने गडू दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मी उत्साहाने सांगितलं, "आई, मधला भाग बोटींसाठी दोन्हीकडून वर उघडतो. माणसं हातांनी यंत्र फिरवतात." ती म्हणाली, "आत्ता नाही ना रे उघडणार?"

2 ऑक्टोबर 1988 ला शेजारी रस्त्याचा पूल सुरू झाला. तो मध्ये एवढा उंच की बोटी खालूनच जातात, उघडायची भानगड नाही. 2009 मध्ये सौ.बरोबर त्यावरून गेलो. सोय उत्तम, पण काही मिनिटांत पलीकडे! ड्रायव्हरला मध्ये थांबायला लावलं आणि खालचा रेल्वेपूल बघत उभा राहिलो. सौ. काही बोलली नाही.

आता तो जुना पूलही बंद झाला. 6 एप्रिल 2025 पासून नवा आहे, त्याचा 72.5 मीटरचा गाळा विजेवर सरळ वर उचलला जातो.

अभिषेकानंतर आईने त्याच गडूत सेतूची वाळू भरून आणली होती. ती प्रयागला गंगेत सोडायची अजून राहिली आहे. कमिटी सहल काढणार असेल तर माझं नाव आधी लिहून घ्या.