लेकरें सांभाळणाऱ्या हातांचें मोल

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, ज्यांनीं ख्रिस्तमंदिर उभारलें, शाळा चालविली, रुग्णांची शुश्रूषा केली, त्यांचें आपण कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहोंत. आम्हांस आज अशा एका वर्गाविषयीं बोलावयाचें आहे कीं, ज्याचें नांव कोणत्याहि कोनशिलेवर कोरलेलें नसतें. तो वर्ग म्हणजे दुसऱ्याचीं लेकरें वेतनावर सांभाळणाऱ्या स्त्रियांचा. वर्धा, सेवाग्राम, पुलगांव, हिंगणघाट येथें पतिपत्नी दोघेंहि नोकरीस जातात अशीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. त्यांचें मूल जिच्या कडेवर वाढतें, ती बाई कित्येकदां याच मंदिरांत त्यांच्या मागच्या बाकावर बसलेली असते. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

हें काम हलकें आहे असें मानण्याची चाल पडली आहे. पवित्र शास्त्र मात्र तसें मानीत नाहीं. रिबेकेची दाई दबोरा मरण पावली, तेव्हां तिला बेथेलजवळ एका वृक्षाखालीं पुरण्यांत आलें आणि त्या वृक्षाला रुदनाचा वृक्ष असें नांव पडलें. दाईसाठीं एवढे अश्रु ढाळले गेले! आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतहि कापूरहोळच्या धाराऊचें नांव आदरानें घेतलें जातें. 1657 सालीं पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना तिनें आपलें दूध पाजलें.

परंतु आदर ही एक गोष्ट व मोबदला ही दुसरी. फारोच्या कन्येला नदींत तान्हा मोशे सांपडला, तेव्हां तिनें त्यास एका इब्री स्त्रीच्या स्वाधीन केलें आणि त्याच भेटींत वेतन देण्याचेंहि वचन दिलें. ती स्त्री बाळाची सख्खी जननी होती, हें राजकन्येस ठाऊक नव्हतें. वेतन ठरलें म्हणून त्या मातेची माया उणी झाली नाहीं. आणि माया दिसली म्हणून राजकन्येनें वेतनाची गोष्ट टाळली नाहीं. आम्हांस आज सांगावयाचें तें एवढेंच कीं, माया असो वा नसो, वेतन हें न्यायाचें देणें आहे.

“आमची बाई अगदीं घरच्यासारखी आहे,” असें आपण अभिमानानें म्हणतों. तें खोटें असतें असें नाहीं. तथापि या एका शब्दाखालीं काय काय झांकलें जातें, तें पहावें. घरच्यासारखी, म्हणून कामाचे तास ठरलेले नाहींत. घरच्यासारखी, म्हणून मूल सांभाळतां सांभाळतां धुणें, भांडीं आणि पाहुण्यांचा स्वयंपाकहि तिच्याच माथीं. घरच्यासारखी, म्हणून पगार वाढवून मागण्याचा तिनें संकोच करावा. मात्र ती तापानें फणफणली म्हणजे खाड्याचे पैसे कापले जातात; त्या दिवशीं ती परकी ठरते. शिवाय आपल्या मुलाला वेळेवर भरवणाऱ्या त्या माउलीचें स्वतःचें मूल त्या घटकेला कोणाजवळ असतें, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं विचारलें आहे?

संत जोसेफीन बखिता हिचें चरित्र येथें मनन करण्याजोगें आहे. सुदानांत जन्मलेली ही मुलगी बालपणींच पळविली जाऊन गुलाम म्हणून विकली गेली. पुढें इटलींत ती एका कुटुंबांतील मिम्मिना नांवाच्या मुलीची आया झाली. व्हेनिस येथें कनोसियन धर्मभगिनींच्या आश्रमांत त्या मुलीसह राहत असतांना तिला ख्रिस्ताची ओळख झाली. मालकीण न्यावयास आली, तेव्हां बखितेनें जाण्याचें नाकारलें. 29 नोव्हेंबर 1889 रोजीं ती कायद्यानें स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला आणि 9 जानेवारी 1890 रोजीं तिचा बाप्तिस्मा झाला. 1 ऑक्टोबर 2000 रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तिला संतपद दिलें. मिम्मिनेवर तिचा जीव होता. परंतु त्या जीव लावण्यावरून तिच्या देहावर व आयुष्यावर कोणाचीहि मालकी सिद्ध झाली नाहीं.

कोणी म्हणेल, “बाई स्वतः इतक्याच पगाराला कबूल झाली, मग अन्याय कोठें आहे?” याचें उत्तर पोप तेरावे लिओ यांनीं 1891 सालच्या आपल्या परिपत्रांत देऊन ठेवलें आहे. गरजेनें गांजलेल्या माणसानें अपुरें वेतन कबूल केलें, तरी तेवढ्यानें तें न्याय्य होत नाहीं, अशी त्यांची शिकवण आहे. आपल्या वर्ध्यानेंहि हा धडा पाहिला आहे. 1935 सालीं चरखा संघानें महात्मा गांधींच्या आग्रहावरून सूत कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचें येथेंच ठरविलें. मजुरी वाढली म्हणजे खादी महागणार हें उघड होतें. पण कातणारीच्या पोटाला चिमटा घेऊन मिळणारी स्वस्ताई गांधीजींना नको होती. आपल्या घरांतील स्वस्ताई कोणाच्या पोटावर उभी आहे, हें आपणहि तपासावें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. बाई ठेवतांना कामाचे तास, पगार व पगाराची तारीख पहिल्याच दिवशीं ठरवून कागदावर लिहावी व एक प्रत तिला द्यावी. मूल सांभाळणें व घरकाम हीं दोन निरनिराळीं कामें समजावीं. आठवड्याची एक सुटी पगारी असावी. रविवारची मिस्सा जशी आपणांस, तशी तिलाहि आहे. ती अन्य धर्माची असल्यास पोळ्याची किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनाची सुटी तिनें न मागतां द्यावी. आजारपणाचे पैसे कापूं नयेत. चौदा वर्षांखालील मुलीस तर या कामीं मुळींच ठेवूं नये; 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्यानेंहि तें निषिद्ध आहे.

काम करणाऱ्या भगिनींनाहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ यास घेऊन त्याची दाई घाईनें पळत असतां तें मूल पडलें व जन्माचें लंगडें झालें. शास्त्रानें ही हकीकत सांगितली, पण दाईस दोष दिला नाहीं. अपघात कोणाच्याहि हातून होतो. मूल पडलें, भाजलें, कांहीं गिळलें, तर तें क्षणभरहि लपवूं नका. लपवण्यांत गेलेला वेळ मुलाच्या जिवावर बेततो. मालकिणींनींहि अशी वागणूक ठेवावी कीं, खरें सांगण्याची तिला भीति वाटूं नये. आपला हिशेब स्वतःजवळ लिहून ठेवा. महाराष्ट्रानें 2008 सालीं घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठीं कायदा केला आहे, त्याची माहिती करून घ्या. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनीं 1985 सालीं घरकामगार स्त्रियांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. एका धर्मभगिनीनें तुमच्यासाठीं एवढें केलें, हें ध्यानांत ठेवून आपल्या हक्कासाठीं बोलावयास लाजूं नका.

बंधुभगिनींनो, सूर्य मावळण्यापूर्वीं मजुराची मजुरी द्यावी, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. ज्या मोशेच्या हातून ती आज्ञा इस्राएलास मिळाली, तो स्वतः वेतन ठरवून ठेवलेल्या दाईच्या मांडीवर वाढला होता. ज्युबिलीचें वर्ष हें शास्त्राप्रमाणें ऋणमोचनाचें वर्ष. आपल्या घरांत जें मूल दुसरीच्या कडेवर वाढलें, त्याचें ऋण कोणाकडे थकलें असेल, तर तें या वर्षींच फेडावें, एवढी विनंति करून व पवित्र मरियामातेच्या चरणीं या सर्व माउलींना वाहून आम्ही आपली रजा घेतों.