ट्रामपासून दूर, गुरूच्या जवळ



 मुंबईत एखाद्याला खुळ्यात काढायचं असलं की ‘अलिबाग से आया है क्या’ म्हणतात. आमच्या अलिबागचे एक गृहस्थ त्याविरुद्ध उच्च न्यायालयातही गेले होते. याचिका फेटाळली गेली. मी वकील असल्याने निकालावर बोलत नाही. पण या संमेलनाहून परत गेल्यावर तुम्हाला कुणी हा प्रश्न विचारलाच, तर खुशाल ‘हो’ म्हणा. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांत अलिबागहून आलेल्या आकड्यांना शंभरहून अधिक वर्षं मान आहे.

त्याचं श्रेय एका परीने ट्रामला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. त्या विजेने चुंबकसूच्या बिथरल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हे काम खाडीपलीकडे इथे अलिबागला हलवलं, लोहांश नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभारली आणि १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळायला हवा ना!

याच अलिबागेत आज ग्रहांच्या चुंबकत्वावर दिवसभर चर्चा आहे आणि तीत मार्गारेट किव्हल्सन हे नाव वारंवार येईल. जन्म १९२८चा, न्यूयॉर्कचा. मुलीला भौतिकशास्त्रात कोण विचारणार, त्यापेक्षा आहारतज्ज्ञ हो, असा सल्ला काकांनी दिला होता. तो बाजूला ठेवून बाईंनी ज्युलियन श्विंगर यांच्या हाताखाली १९५७मध्ये डॉक्टरेट मिळवली. तो विषय ग्रहांचा नव्हताच. ग्रह आले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेल्यावर. पदं आणि पदकं बरीच आहेत, त्यांची यादी वाचत नाही. मला त्यांचं एक काम फार आवडतं, तेवढं सांगतो.

गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानावरच्या चुंबकमापकाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तो मापक यानापासून दूर, ११ मीटर लांब दांडीवर बसवला होता, कारण यानाची स्वतःची वीज आणि लोखंड त्याला फसवणार. मूससाहेबांनी अलिबाग गाठलं ते याच धास्तीने! १९९६मध्ये गुरूच्या गॅनिमीड या चंद्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असल्याचं याच मापकाने दाखवलं. खरा पेच गुरूच्या दुसऱ्या एका चंद्राचा, युरोपाचा होता. गुरूचा चुंबकीय अक्ष सुमारे १० अंशांनी कललेला आहे. त्यामुळे युरोपाला जाणवणाऱ्या क्षेत्राची दिशा साधारण साडेपाच तासांनी उलटते. युरोपाच्या बर्फाखाली खारं पाणी असेल तर त्यात प्रवाह निर्माण होणार आणि त्यांचं क्षेत्रही गुरूच्या तालावर उलटणार; युरोपाच्या पोटातच कायमचा चुंबक असेल तर तो जागचा हलणार नाही. आधीच्या फेऱ्यांत खुणा मिळाल्या होत्या, पण त्या दोन्ही बाजूंनी लावता येत होत्या. वकिलाला हे चांगलं कळतं: पुरावा आहे, पण निर्णायक नाही. मग गुरूच्या क्षेत्राची दिशा उलटी असेल अशी वेळ गाठून फेरी ठरली, ३ जानेवारी २०००ची. भाकीत आधीच मांडलेलं होतं. क्षेत्र उलटलेलं निघालं. कृष्णन खुराणा आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ते त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. थेंबभर पाणी न पाहता समुद्राचा इतका भक्कम पुरावा!

त्याचा परिणाम असा, की २००३मध्ये गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूवर घालून नष्ट केलं. चुकून युरोपावर आदळून आपले जंतू तिथे नेऊ नयेत, म्हणून. ऑक्टोबर २०२४मध्ये युरोपा क्लिपर हे यान तिकडे निघालं आहे आणि २०३०मध्ये पोहोचेल. त्यावरही चुंबकमापक आहे.

आता व्यवस्थेचं. जेवणात आमचा पांढरा कांदा आणि वालाची उसळ आहे. उसळ संपली तर स्वयंपाकघराला दोष देऊ नका, शास्त्रज्ञांच्या भुकेचा अंदाज आम्हाला नव्हता. सभागृहाचे पंखे आवाज करतात, त्यामुळे वक्त्यांनी जरा मोठ्याने बोलावं. अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी पहिल्या सत्राला सुरुवात करावी.