सेवेची वाट आणि घरचा संसार

(पळसदरी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने वकील आहे. धम्मावर प्रवचन करण्याचा अधिकार माझा नव्हे, आणि तो मी घेऊही इच्छीत नाही. माझा आजचा विषय आपल्या घरातला आहे.

सभेपूर्वी येथील एक गृहस्थ मला बाजूस घेऊन म्हणाले, "साहेब, पोरगी नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. लष्कराच्या इस्पितळात जायचे म्हणते. उद्या लढाई लागली तर तिला जावे लागेल. मग तिचा संसार कसा व्हायचा?" बापाच्या काळजातून आलेला हा प्रश्न आहे. तो केवळ त्यांचा नाही. आपली मुले-मुली आज डॉक्टर होत आहेत, परिचारिका होत आहेत. ज्या समाजाच्या स्पर्शाला काल विटाळ म्हणत होते, त्या समाजाची मुलगी आज जखमी माणसाच्या अंगाला हात लावून त्याचा रक्तस्राव थांबवते. ही केवढी मोठी उलथापालथ आहे, याचा आपण शांतपणे विचार करावा. परंतु तीच मुलगी दूरच्या रणभूमीकडे निघते म्हटल्यावर आपणच तिला उंबरठ्यावर अडवतो. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांसमक्ष देऊ इच्छितो.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन करतो. युद्धकाळात सेवा करावयाची तर संसारावर पाणी सोडावे, आणि संसार करावयाचा तर सेवेचे नाव काढू नये, असे आपल्याकडे मानले जाते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा आपण पूर्वी ऐकत आलो, तिनेही हीच समजूत दृढ केली : अपरात्री निजलेल्या पत्नीला आणि तान्ह्या मुलाला टाकून तो निघून गेला. बाबासाहेबांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ही कथा अशी नाही. तेथे शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्ध पेटू पाहते. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो. संघ त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमिनी जप्त करण्याची भीती घालतो, तेव्हा तो घरच्यांना झळ लागू नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो. निघण्यापूर्वी तो मातापित्यांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. आणि यशोधरा, राहुल लहान असल्यामुळे स्वतः मागे राहून, त्याच्या निर्णयास संमती देते. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वडिलधाऱ्यांना कोणी समजावून सांगावयास नको. मला येथे लक्षात आणून द्यावयाचे आहे ते एवढेच की, युद्धाच्या प्रसंगी घेतलेला तो निर्णय चोरून घेतलेला नव्हता. तो घरात बोलून, घराला बरोबर घेऊन केलेला होता.

आता आपल्याच मुलखातले, अगदी अलीकडच्या काळातले एक उदाहरण घेऊ. आपल्या या स्थानकावरून खोपोलीची गाडी जाते, तशीच बोरघाट चढून पुण्याकडे आणि पुढे सोलापूरकडे जाणारी मोठी गाडीही जाते. घाटातील हा लोहमार्ग 1863 पासून आहे. सोलापूरहून मुंबईस शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांची वाट हीच. त्या सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले होते. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली, आणि 1938 च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनला रवाना झाले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे इतर तिघे, आणि पाचवे डॉ. कोटणीस. पाचांपैकी चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत.

त्यांचे शस्त्रक्रियेतील कौशल्य आणि त्यांचे धैर्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर बोलपटही काढला. मी त्यांच्या घराविषयी बोलणार आहे. ते चीनमध्ये असतानाच इकडे वडिलांचे निधन झाले. समुद्रापलीकडे मुलगा, मध्ये युद्ध, आणि सोलापुरात शोकाकुल घर! मोठ्या कुटुंबातला कमावता होऊ घातलेला मुलगा अशा वेळी घरी नसणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकता. तरीही ते जखमींना सोडून आले नाहीत. 1941 च्या प्रारंभी डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तेथेच परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांचा स्नेह जुळला आणि 1941 च्या अखेरीस विवाह झाला. जात एक नाही, देश एक नाही, मातृभाषाही एक नाही. परंतु काम एक होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले इनहुआ. 'इन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला अपस्माराच्या विकाराने डॉ. कोटणीस गेले. त्यांचे वय 32 वर्षांचे होते, आणि मूल चार महिन्यांचेही नव्हते.

येथे मला आपल्याशी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. या सेवेची किंमत मोठी असते, आणि ती जो जातो तो एकटाच देत नाही. ग्वो छिंगलान यांनी चार महिन्यांचे मूल पोटाशी धरून युद्ध पार केले. तोच मुलगा पुढे वैद्यकीचे शिक्षण घेत असताना 1967 साली ऐन तारुण्यात वारला. तरीही या बाईंनी पतीचे घर परके मानले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबास भेटत राहिल्या, आणि 2012 साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पतीच्या पश्चात सत्तर वर्षे! डॉक्टरांचा पुतळा उभा राहतो. मागे राहिलेल्या घराचा पुतळा कोणी उभारत नाही. मला वाटते, युद्धातील सेवेचा हिशेब मांडताना त्या घराचे नाव पहिल्या ओळीत लिहिले पाहिजे.

आपण म्हणाल, वकीलसाहेब, किंमत एवढी मोठी असेल तर आमच्या लेकरांनी ती का द्यावी? याचे उत्तर असे की, ती एकट्या घराने सोसावी असे सुसंस्कृत जगाला मान्य नाही. त्यासाठीच कायदा आहे. 1859 साली इटलीतील सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमी विनाशुश्रूषा पडलेले हेन्री ड्यूनाँ या स्विस गृहस्थाने पाहिले, आणि त्यातून रेडक्रॉसचा व 1864 च्या पहिल्या जिनीव्हा कराराचा जन्म झाला. आज लागू आहेत ते 12 ऑगस्ट 1949 चे चार करार. भारताने ते 1950 साली स्वीकारले आणि 1960 साली त्यांचा स्वतंत्र कायदा केला. पहिल्या कराराने डॉक्टर आणि परिचारिका यांना सर्व परिस्थितीत संरक्षण दिले आहे. त्यांच्यावर हल्ला करणे हा गुन्हा आहे. चौथ्या करारातील 25 वे कलम तर मला फार हृद्य वाटते. युद्धात सापडलेल्या प्रत्येकाला आपल्या कुटुंबास खुशाली कळवण्याचा आणि त्यांची खुशाली मिळवण्याचा हक्क त्यात आहे. लढणाऱ्या सरकारांना त्यावर बंधन घालावेसे वाटले, तरी महिन्यास एक छापील पत्र आणि त्यात स्वतःच्या मनाचे 25 शब्द, याहून कमी करता येत नाही. तोफा धडधडत असतानाही घर तुटू नये, हे जगाने कायद्यात लिहून ठेवले आहे.

रणांगणावर कायद्याने घर जपले. परंतु आपल्या देशात कार्यालयातील टेबलावर ते दीर्घकाळ जपले गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. लष्करी परिचर्या सेवेसंबंधी 1977 साली सैन्याची एक सूचना निघाली होती. सेवा समाप्त करण्याची जी कारणे तीत दिली होती, त्यांत प्रकृतीने अपात्र ठरणे होते, गैरवर्तन होते, आणि त्यांच्याच पंक्तीत विवाह करणे हेही होते! या सूचनेवरून 1988 साली एका लेफ्टनंट परिचारिकेस विवाह केला म्हणून सेवामुक्त करण्यात आले. सूचना 1995 साली मागे घेतली गेली, परंतु त्या भगिनीचा अन्याय तसाच राहिला. ती लढत राहिली. 2016 साली लखनौच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निर्णय दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि 14 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघडउघड मनमानी ठरवून तिला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळावयास 36 वर्षे लागली. गेलेली नोकरी परत आली नाही. परंतु विवाह हा स्त्रीचा अपराध नव्हे, हे कायमचे लिहिले गेले.

हा निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण आपल्यापासून लपवणे मला शोभणार नाही. काही वर्षांपूर्वी असेच एक पिता मजकडे आले होते. त्यांच्या मुलीस लष्करी परिचर्या सेवेत जावयाचे होते. मी कागद उघडला नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबून म्हणालो, "त्या नोकरीत लग्न केले की काढून टाकतात. तुम्ही आधी पोरीचे हात पिवळे करा." तो नियम त्यापूर्वीच रद्द झालेला होता! मुलगी गेली नाही. पुढे एका लग्नसमारंभात ती मला भेटली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा कागद पाहिला होता का?" कायदा शिकलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणते न्यायालय देणार?

म्हणून आपणांस माझी तीन मागणी आहेत. पहिली : नोकरीचे नियम ऐकीव सांगण्यावर मानू नका, वकील सांगत असला तरी त्याला कागद दाखवावयास सांगा. संविधानाच्या 14, 15 आणि 16 या अनुच्छेदांनी समता दिली आहे, आणि 42 व्या अनुच्छेदाने कामाच्या ठिकाणी माणुसकी व प्रसूतिसाहाय्य यांची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ती मागावयास शिका. दुसरी : सोयरीक ठरवताना मुलीस स्वयंपाक येतो काय, हे विचारता, तसेच मुलास विचारा की, पत्नी सहा महिने दूरच्या इस्पितळात असेल तर तू मुलास जेवू घालशील काय, आजारी आईची शुश्रूषा करशील काय? याचे उत्तर सुपारी फुटण्यापूर्वी सर्वांसमक्ष घ्या. संसार दोघांचा असेल तर सेवेची झीजही दोघांनी सोसावी. तिसरी : जाणारे पाऊल चोरून जाऊ देऊ नका आणि बळजोरीने अडवूही नका. घरात बसा, बोला, भय सांगा, खर्च सांगा, आणि मग जो निर्णय होईल त्यामागे सारे घर उभे करा.

ज्या गृहस्थांनी मला प्रश्न विचारला ते समोर बसले आहेत. त्यांना मी सांगतो : मुलीचा संसार कसा व्हायचा, याचे उत्तर तिच्या एकटीजवळ नाही. ते तिच्या नवऱ्याजवळ आहे, सासूजवळ आहे, आपल्याजवळ आहे, आणि आपल्या या वस्तीजवळ आहे. कागद मी पाहतो; या वेळी नीट पाहतो. घर मात्र आपण सर्वांनी सांभाळावयाचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!