शिदोरीची सहल



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि नाट्य यांविषयी विद्वत्तापूर्ण भाषणे व्हावयाची. तेथे आम्ही सहलीसारखा साधा विषय निवडला, याचे कोणास नवल वाटेल. परंतु गुरुग्रामातील मराठी कुटुंबाचा रविवार कसा जातो, हा प्रश्न आमच्या मते तितका साधा नाही. मुलांनी बाहेर जाण्याचा हट्ट धरला की पावले मॉलकडे वळतात. खेळ, खाणे आणि वाहन यांत चौघांची महिन्याची शिल्लक एका दुपारी संपते, आणि घरी परतल्यावर आज काय पाहिले ते मुलांना सांगता येत नाही.

मंडळांच्या सहली निघतात त्याही पुष्कळदा बस, रिसॉर्ट आणि भोजन यांची वर्गणी जमवून. मोठ्या हुद्द्यावरील मंडळींना ती जाणवत नाही. परंतु नुकताच नोकरीवर रुजू झालेला तरुण, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब, एकट्या मिळकतीवर घर चालविणारी एखादी भगिनी, ही माणसे "त्या दिवशी जमणार नाही" एवढेच कळवितात. पैशांची अडचण आहे असे कोणीच सांगत नाही. घरापासून दूर आल्यामुळे ज्यांना मंडळाची सर्वाधिक गरज, तीच माणसे अशा रीतीने हळूहळू मंडळाबाहेर राहतात.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की सर्वांत कमी मिळकतीच्या कुटुंबास पेलेल अशी सहल आखावी. ती मग सर्वांनाच पेलते. आणि तशी ती आखता येते, कारण या शहराच्या आसपास जे पाहण्याजोगे आहे, त्यातील पुष्कळ गोष्टींना तिकीट नाही, किंवा असलेच तर अल्प आहे.

प्रथम शहराच्या कडेचेच अरवली जैवविविधता उद्यान घ्या. सुमारे ३९० एकरांच्या या टेकड्या एकेकाळी खाणींनी पोखरून निघाल्या होत्या. २०१० पासून नागरिक, शाळकरी मुले आणि महानगरपालिका यांच्या प्रयत्नांतून तेथे अरवलीची मूळची झाडे पुन्हा लावली गेली. आणि २०२२ साली, अभयारण्य नसूनही जैवविविधता जपणारे क्षेत्र म्हणून देशातील पहिली मान्यता या उद्यानास मिळाली. तेथील धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. सलाई म्हणजे आपली साळई, आणि ढाक म्हणजे आपला पळस. ज्या मुलाने गावाकडचा पळस केवळ कवितेत वाचला आहे, त्याला तो येथे फुललेला दाखविता येतो.

फर्रुखनगरच्या रस्त्यावर सुमारे १५ किलोमीटरांवर सुलतानपूरचे सरोवर आहे. ब्रिटिश पत्रकार आणि पक्षिनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडे आग्रह धरला, आणि १९७१ साली ही पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखली गेली. १९९१ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २०२१ मध्ये रामसर यादीत गेली. हिमालय ओलांडून जे पट्टकादंब आपल्या उजनीच्या जलाशयावर भिगवणला उतरतात, त्यांचेच जातभाई येथेही उतरतात. पाण्यावर काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे पक्षी थव्याथव्याने पोहताना दिसतील; त्यांना मराठीत वारकरी म्हणतात, एवढे सांगितले तरी मुलांच्या ते कायमचे लक्षात राहते.

ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्यासाठी मेट्रो आहे. त्याच पिवळ्या मार्गावर कुतुबमिनार स्थानकास उतरले, की मेहरौलीचे पुरातत्त्व उद्यान जवळ आहे. तेथील "राजों की बावली" या नावातील राज म्हणजे राजे नव्हेत, गवंडी. हे ऐकून मुले त्या पायऱ्या निराळ्या नजरेने पाहतात. खुद्द कुतुबमिनारला तिकीट आहे, तथापि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. दुसरी वाट आगगाडीची. सुमारे ५० किलोमीटरांवरील रेवाडीस १८९३ सालची इंजिनशेड असून तेथे वाफेची इंजिने जतन केली आहेत. पॅसेंजरच्या भाड्यात प्रवास हाच निम्मा आनंद होतो.

आता आखणीविषयी. येथे पहिला विचार पैशांचा नव्हे, हवेचा करावा. गावी आपण कार्तिकात आवळीभोजनास जातो. येथे त्याच सुमारास धूर आणि धुके एकत्र येतात. हवेचा निर्देशांक २०० च्या पुढे गेला की सरकारी प्रतवारीत ती हवा "खराब" ठरते. अशा दिवशी लहान मुले, दमेकरी आणि वृद्ध यांना बाहेर नेऊ नये, सहल पुढे ढकलावी. तिथीचा आग्रह न धरता फाल्गुनात पळसाखाली पंगत मांडली, तर आवळीदेवी रुसणार नाही. मे-जूनच्या उन्हात मोठ्या सहलीचे नाव काढू नये.

पंगतीसाठी प्रत्येक घराने एकच पदार्थ आणावा: कोणी धपाटे, कोणी दशम्या, कोणी चटणी, कोणी ताक. कोणी काय आणले याचा हिशेब ठेवू नये. चार कुटुंबांनी मिळून एक वाहन ठरवावे. पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे; साप्ताहिक सुट्टी, आत खाद्यपदार्थ नेण्याचा नियम आणि स्वच्छतागृहाची सोय यांची चौकशी आदल्या दिवशी करावी, कारण स्त्रिया आणि वडीलधारी मंडळी याच अडचणीपायी घरी राहतात. आणि आपला कचरा आपणच परत आणावा.

शेवटी एक विचार. वर्षभर पैसे साठवून सुट्टीत गावी जाणे योग्यच आहे. परंतु येथे वाढणाऱ्या मुलाचे बालपण येथेच सरणार आहे. ज्या भूमीवर ते सरणार तिची झाडे, पाखरे आणि जुने दगड त्याला अनोळखी राहिले, तर गाव तिकडे दूर आणि घर इकडे परके, अशी त्याची स्थिती होईल. वास्तविक हा मुलूख आपल्या इतिहासालाही परका नाही. येथे शिंद्यांचा अंमल होता, आणि तो इंग्रजांकडे गेला ३० डिसेंबर १८०३ च्या तहाने. त्या तहाचे नाव सुर्जी-अंजनगाव. ते गाव आपल्या अमरावती जिल्ह्यातले.

तेव्हा या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने वर्गणीविना चार सहली काढाव्यात: फेब्रुवारीत सुलतानपूर, मार्चमध्ये अरवलीतील पळस, सप्टेंबरात आगगाडीने रेवाडी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेहरौली. आणि ज्या घरांनी आजवर "जमणार नाही" असे कळविले, त्यांच्याकडे कार्यकारिणीच्या सभासदांनी स्वतः जाऊन सांगावे, की यावेळी फक्त शिदोरी घेऊन या. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.