जुन्या मोटारीच्या इंजिनातील कार्बन : रसायनांचा उपयोग किती व कसा?

(मोटारमालक, चालक व गॅरेज कारागीर यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोटार जुनी झाली, चढावर खडखड करू लागली, सकाळी सुरू होण्यास कुरकुर करू लागली की मालकासमोर दोन वाटा उभ्या राहतात. दुकानातून पेट्रोलमध्ये घालावयाची एखादी बाटली आणावी, ही एक. मिस्त्रीकडून हेड उतरवून कार्बन खरडून घ्यावा, ही दुसरी. पहिलीचा खर्च काहीशे रुपयांत भागतो, दुसरीचा हजारांत जातो. खाजगी मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील आणि पुढील पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावयाचे असेल, तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. मोटारीवरच ज्याचा व्यवसाय चालतो त्याच्या दृष्टीने ती महिन्याच्या मिळकतीची बाब असते. म्हणून या बाटलीत काय असते, ती कोणते काम करते आणि कोणते करू शकत नाही, याचा विचार आज करू.

प्रथम कार्बन कोठे साचतो ते पाहिले पाहिजे. आपण सर्व प्रकारच्या घाणीला एकच नाव देतो. वस्तुतः तिचे तीन निराळे प्रकार आहेत. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी जमतो तो पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर. इनलेट व्हॉल्व्हच्या मागील बाजूस जमते ते काळे, सच्छिद्र कवच. थंड इंजिन सुरू करताना ते स्पंजाप्रमाणे पेट्रोल शोषून घेते, आणि म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. तिसरा प्रकार पिस्टनच्या माथ्यावर व हेडच्या पोकळीत जमणारा कठीण थर होय. हा थर जागा व्यापतो, त्यामुळे मिश्रण मूळ आराखड्यापेक्षा अधिक दाबले जाते. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो. परिणामी पूर्वी ज्या पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालत असे त्याच पेट्रोलवर ती ठोके देऊ लागते. पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारी चालविलेल्यांनी चावी काढल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते हे पाहिले असेल. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लालबुंद झालेला कार्बनचा कण. प्लगची ठिणगी बंद झाली तरी तो कण आग लावीत राहतो.

आता बाटलीकडे वळू. बाजारातील द्रव्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात मुख्यतः रॉकेलच्या जातीचे द्रावक असतात. ते डिंक थोडाफार सैल करतात, त्यापलीकडे त्यांची मजल जात नाही. दुसऱ्या वर्गात खरी प्रक्षालक रसायने असतात. त्यांपैकी पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन हे व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्यास उपयुक्त आहे. परंतु ज्वलनकक्षातील थर त्याने कमी होत नाही, कधी कधी उलट वाढतो. पॉलिइथर अमाइन हे अधिक उष्णता सहन करते आणि व्हॉल्व्हबरोबरच ज्वलनकक्षातील थरावरही काम करते. तेव्हा बाटली घेताना तिच्यावरील चित्र व आश्वासने न वाचता घटकद्रव्याचे नाव वाचावे. नाव छापलेलेच नसेल तर ती बाटली दुकानात ठेवून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रक्षालक रसायन ही काही जादूटोण्याची वस्तू नव्हे. अमेरिकेत १९९५ पासून सर्व पेट्रोलमध्ये ते मिसळणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मात्र घाण साचू न देणे आणि वर्षानुवर्षे साचलेली घाण काढणे ही दोन कामे भिन्न आहेत. दुसऱ्या कामासाठी मात्रा मोठी लागते आणि वेळही लागतो. उत्पादकाने सांगितलेली मात्रा टाकी भरण्यापूर्वी घालावी, म्हणजे ती नीट मिसळते. त्यानंतर ती टाकी शहरातल्या गर्दीत न संपविता लांबच्या रस्त्यावर, इंजिन पूर्ण तापवून, भार देऊन संपवावी. एका टाकीत भागले नाही तर दुसरी करावी. दुप्पट औषध घेतल्याने ताप निम्म्या वेळात उतरत नाही, तसेच येथेही आहे. रसायनाचा काही अंश पिस्टनच्या रिंगांमधून खालच्या तेलात उतरतो. यास्तव उपचार संपताच इंजिन ऑइल बदलणे योग्य. या क्रमात सांगावयाचे म्हणजे ऑइल बदलण्याची वेळ जवळ आली असतानाच हा उपचार हाती घ्यावा. एक ऑइल वाचते.

पूर्वीच्या मिस्त्रींची एक पद्धत अजूनही प्रचारात आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे द्रावक ओतावयाचे आणि रात्रभर मुरू द्यावयाचे. चिकटलेल्या रिंगा सुटण्यास तिचा खरोखर उपयोग होतो. परंतु सकाळी प्लग बसवून सरळ स्टार्टर मारणे म्हणजे संकटास निमंत्रण आहे. द्रव दाबला जात नाही. पिस्टनवर तो साचून राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग बाहेर ठेवून, इग्निशनची वायर काढून, प्लगच्या भोकांवर फडके धरून इंजिन फिरवावे आणि सर्व द्रव बाहेर काढावा. जवळ बिडी-सिगारेट नको. ऑइल त्याच वेळी बदलावे. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

इंजिन ऑइलमध्ये घालावयाचे फ्लश हे याहून निराळे प्रकरण आहे, आणि जुन्या इंजिनाच्या बाबतीत मला त्याची धास्ती वाटते. वर्षानुवर्षे ज्याचे ऑइल वेळेवर बदलले गेले नाही अशा इंजिनाच्या तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तीव्र फ्लशने तो एकदम सुटतो, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि बेअरिंगचे तेल तोडतो. स्वच्छतेसाठी काढलेले इंजिन मग थेट क्रँकच्या कामास येते. त्यापेक्षा चांगल्या दर्जाचे साधे ऑइल घालून, थोड्या थोड्या अंतराने फिल्टरसह दोनतीनदा बदलावे. गाळ हळूहळू निघतो, पण जीव वाचतो.

आधी निदान, मग औषध

रसायन वापरण्यापूर्वी कम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन तापलेले, सर्व प्लग काढलेले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. दाब उत्पादकाने दिलेल्या आकड्याहून बराच अधिक आला तर ज्वलनकक्षात कार्बन साचल्याचा संशय बळावतो. एखाद्या सिलिंडरचा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा अथवा हेड गॅस्केटचा. झिजलेली रिंग वा जळालेला व्हॉल्व्ह कोणत्याही बाटलीने भरून येत नाही. तसेच निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे. ज्या इंजिनात ऑइल जळते त्यातील कार्बन आज काढला तरी काही महिन्यांत परत येणार.

पी.यू.सी. तपासणीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, त्यानंतरच्या भारत स्टेज दोन व तीनच्या मोटारींना ०.५ टक्के. हा आकडा वाढला म्हणजे कार्बन साचला असे लोक समजतात. बहुधा कारण साधे असते : तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, बिघडलेले कार्ब्युरेटरचे जुळणीमाप. ते सुधारण्यास बाटली लागत नाही, पेचकस लागतो.

आणि थर्मोस्टॅट! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की अनेक मोटारींत तो होता हे मालकास ठाऊकही नसते. त्यामुळे इंजिन योग्य तपमानावर येण्यास फार वेळ घेते, लहान फेऱ्यांत तर येतच नाही. पेट्रोल अर्धवट जळते, कार्बन वाढतो, ऑइल पातळ होते. गाडी तापण्याचे मूळ बहुधा रेडिएटरमध्ये असते. तो साफ करून घ्यावा आणि थर्मोस्टॅट परत बसवावा. घरापासून बाजारापर्यंतच धावणाऱ्या मोटारीला या एका सुटय़ा भागाने जितका लाभ होईल तितका अनेक बाटल्यांनी होणार नाही.

भेसळीचे पेट्रोल हे कार्बनचे आणखी एक कारण आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड असते, त्याचा ऑक्टेन अंक कमी असतो; ते पुरते जळत नाही आणि मागे काजळी ठेवते. या धंद्यामागे किती निर्ढावलेले लोक असतात याची महाराष्ट्राला दुःखद ओळख आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या भेसळीचा प्रकार उघड करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. ही चाचणी मागताना संकोच बाळगू नये.

पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल स्वतःच द्रावक असल्याने जुन्या टाकीतील डिंक व गंज सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. प्रक्षालक वापरतानाही हेच घडू शकते. म्हणून जुन्या मोटारीत बाटली घालण्याआधी नळ्या तपासाव्या आणि एक पेट्रोल फिल्टर हाताशी ठेवावा.

नवीन मोटारवाल्यांसाठी एवढेच सांगतो, की ज्यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते त्यांच्या इनलेट व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. तेथे टाकीत घातलेले रसायन पोहोचत नाही. ते व्हॉल्व्ह उघडूनच साफ करावे लागतात. त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारण्याची पद्धत प्रचलित आहे, कारण तो कार्बन खरवडतो पण धातूला ओरखडा काढत नाही.

आपणांस आपापल्या मोटारीचे प्लग काढून, सिलिंडरचा क्रमांक लिहून आणण्यास सांगितले होते. ते आता या मेजावर क्रमाने मांडावेत. कोणाच्या इंजिनाला बाटली पुरेल आणि कोणाला हेड खोलावे लागेल, हे त्यांच्या रंगावरून एकेक करून पाहू; जेथे शंका राहील तेथे बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर कम्प्रेशन गेज लावू.